बस्सीची लाल लडी

“चाचा, हा लाल रंग नुसत्या मंजिष्ठेच्या मुळांचाच, की गुपचूप विलायती पूडही घालता?” जयपूरजवळच्या बस्सी गावच्या सहलीत मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून विभाने म्हाताऱ्या रंगरेजाला बेधडक विचारलं. तो खळखळून हसला. “डिब्बे का रंग तो अब्बा के ज़माने से मिलाते हैं, बिटिया. तुम्हारे पिताजी ने कभी पूछा ही नहीं!” त्यानेच रंगवून दिलेली सुताची लडी अस्सल मंजिष्ठेची मानून विभाच्या बाबांनी जयपूरच्या प्रयोगशाळेत जुन्या वस्त्रांचे धागे आठ वर्षं तिच्याशी ताडून पाहिले होते. त्यावरचं त्यांचं पुस्तक छापखान्यात गेलं होतं. घरी तिने सगळं सांगितलं. बाबांनी लडी उजेडात धरून हळूच खाली ठेवली. “आठ वर्षं पाण्यात गेली गं,” ते आईला म्हणाले. “आई-बाबा, यापुढे लडी नुसत्या मंजिष्ठेत मीच रंगवणार,” विभा म्हणाली, “लागू देत आणखी आठ वर्षं.”