दुसरी एरियल

डोंगरावरच्या नव्या टॉवरच्या खरखरीत समुद्रातल्या होड्यांचे आवाज बुडतात, अशी बंदरावर वायरलेस सेट दुरुस्त करणाऱ्या मावशीची सातवी तक्रार गेली, तेव्हा कुठे टॉवरचा इंजिनिअर स्वतः आला. टेबलावरचा उघडा सेट बघून त्याला हसू आलं.

"हा घरीच जोडलाय ना, मावशी? लहरीतून थेट आवाज काढणारे असले साधे सेट नको ते सगळं पकडतात. आमचा टॉवर तुमच्या होड्यांच्या लहरींच्या पट्ट्यात काहीच सोडत नाही. तसं लेखी दिलंय आम्ही."

"ऐका तर खरं." मावशीने सेट लावला. समुद्रातून तिच्या दिराचा आवाज आला, शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ. "वहिनी, जाळी ओढतोय. संध्याकाळपर्यंत पोचतो."

"बघा! कुठाय खरखर?" इंजिनिअरने तक्रार मागे घेतल्याचा कागद पुढे सरकवला. "करा सही."

मावशीने पेन घेतलंच नाही. सेटच्या मागची एक वायर धरली आणि उपटली. खोलीभर खरखर उसळली. दीर बोलतच होता, पण एक शब्द कळेना.

"ही वायर दुसऱ्या एरियलची. तिचं तोंड तुमच्या टॉवरकडे आहे. तिथून येईल ते उलटं करून मी समुद्राकडच्या पहिल्या एरियलच्या आवाजात मिसळते, की तेवढंच नेमकं कापलं जातं. तुमच्यासाठीच जोडलाय हा सेट." तिने कागद पालथा करून त्याच्यापुढे ढकलला. "आता एवढं लिहून द्या, साहेब. टॉवर काहीच सोडत नाही, तर मी कापतेय ते काय?"