कोऱ्या पानावरचा अंगठा

"बाबांचं गाडीदुरुस्तीचं पुस्तक रद्दीत घातलंस?"

"दादा, ते तेलकट बाड कशाला हवं? टॅबवर तेच पुस्तक आहे, कोरं करकरीत. नेटवरून घेतलंय."

धाकट्या भावाच्या उत्तरानं मिस्त्रीचं डोकं सणकलं. दुरुस्तीची एकेक पायरी पुरी झाली की बाबा समासात काळा अंगठा उमटवायचे. त्यावर मधोमध जुन्या जखमेची आडवी चीर असायची. बाबा गेल्यावर त्यांचं एवढंच उरलं होतं.

दात-ओठ खात तो टॅब घेऊन बाबांच्या गाडीपाशी बसला.

पायरी १. चाक काढा.

काढलं. पाहतो तर समासात काळा डाग. फडक्यानं पुसला, पण तो काचेच्या आत होता. मधोमध आडवी चीर.

"हा चावटपणा तुझा ना?"

"कसला? मी हातसुद्धा लावलेला नाही."

पायरी २. ब्रेकच्या नटाला नळी लावा.

लावली. दुसरा अंगठा.

पायरी ३. एकाने आत बसून ब्रेक दाबावा, दुसऱ्याने नट सैल करून हवा सोडावी.

आत नेहमी बाबा बसायचे.

"ये, बस आत."

"आधी नीट बोल."

"मग मर तिकडेच!"

पाना फिरवून त्यानं एकट्यानंच नट सैल केला. तिसरा अंगठा उमटला. नळीतून तेल उसळून त्याच्या तोंडावर उडालं.

"गाढवा! मी दाब म्हणालो होतो का?"

"दादा," धाकट्याचा आवाज मागून, घराच्या दारातून आला, "मी इथे आहे."

गाडीत पेडल पुन्हा खाली आदळलं. या वेळी लाथ घालावी तसं.