चपलांची राखण

“मामा, चपला बाहेर ठेवा आणि आंघोळ करून घ्या,” मी वैतागून म्हणालो. गेनूमामांनी त्या छातीशी आणखी घट्ट धरल्या. “चोरीला जातील,” ते पुटपुटले.

व्यसनमुक्ती केंद्रात फुटपाथवरून आलेला प्रत्येकजण हेच म्हणतो. सहा वर्षांपूर्वी मीही म्हणालो होतो. तेव्हा दारू सोडून नऊ वर्षं झालेल्या गेनूमामांनीच मला पुलाखालून उचलून आणलं होतं. माझ्या फाटक्या चपला हातात घेऊन ते न्हाणीघराबाहेर उभे राहिले होते.

आज सकाळी मी त्यांना त्याच पुलाखालून आणलं. अंगाला दारूचा वास येत होता. माझ्यात रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. यांचीच ही गत, तर माझं काय, एवढंच डोक्यात फिरत होतं.

शेवटी मी हात पुढे केला. “द्या इकडं. मी इथंच उभा आहे.”

त्यांनी चपला माझ्या हातात ठेवल्या, दार लावलं. पाण्याचा आवाज सुरू झाला आणि लगेच थांबला.

“आहेस ना रे?” आतून हाक आली.

मी तेव्हा तीनदा विचारलं होतं.

“आहे, मामा.”