दिनेश सरांना न पटलेली कादंबरी

"हे तेजलच्या उशीखाली सापडलं," असं म्हणत सविताने ती कादंबरी नवऱ्यासमोर, म्हणजे दिनेश सरांसमोर ठेवली आणि ती कणीक मळायला आत निघून गेली.

सरांनी पुस्तक दोन बोटांनी उचललं. मुखपृष्ठावर पाठमोरी मुलगी, हातात बॅग, समोर रस्ता. इंग्रजीत लाखांनी खपलेल्या एका भारतीय कादंबरीचा मराठी अनुवाद होता तो. जन्मभर कॉलेजात मराठी शिकवलेल्या माणसाच्या घरात असलं काही निघावं, याचंच त्यांना आधी वाईट वाटलं. मग त्यांनी ते चाळलं, तेव्हा मात्र ते घाबरले.

पानोपानी पेन्सिलीच्या रेघा होत्या. 'एकदम निघायचं नसतं, रोज थोडं थोडं निघायचं असतं,' या वाक्याखाली तर दोनदा.

गोष्ट म्हणाल तर एवढीच. घरात जीव न रमणारी एक मुलगी कुणालाही सुगावा लागू न देता तयारी करत राहते आणि एके दिवशी भरदिवसा निघून जाते. त्यांची लेक तेजल वीस वर्षांची. सीएचा अभ्यास करत होती, कॉलेज रोडला क्लास होता, आणि अलीकडे जेवतानाही तिचं डोकं मोबाइलमधून वर निघत नव्हतं. एवढं सरांना पुरेसं होतं.

तिला आत्ताच विचारतो म्हणून ते उठले, तर सविताने अडवलं.

"विचारू नका. पोर लय... खूप बिथरेल."

तिने आपली आपणच चूक सुधारली. ती कळवणची. लग्नानंतर सरांनी तिचं बोलणं नीट करून घेतलं होतं आणि त्याचा त्यांना अजूनही अभिमान होता.

मग तोडगाही सरांनीच काढला. तेजलला एकटीला कुठे सोडायचं नाही. सविताने रोज तिच्यासोबत क्लासला जायचं आणि क्लास सुटेपर्यंत तिथेच थांबायचं. सविता आधी कुरकुरली, संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार म्हणाली, पण दुसऱ्या दिवसापासून जाऊ लागली. जाताना मोठी पिशवी न्यायची, येताना भाजी आणायची. एका फेरीत दोन कामं होतात म्हणून सर खूश होते.

इकडे सरांपुढे वेगळंच संकट होतं. गंगापूर रोडच्या वाचक मंडळात शनिवारी त्यांचं भाषण ठेवलं होतं, आजच्या लोकप्रिय भारतीय कादंबरीवर. आमंत्रण स्वीकारलं तेव्हा त्यांनी तसली एकही कादंबरी वाचलेली नव्हती. आता लायब्ररीतून पाच-सहा आणल्या आणि नाक मुरडत, पण एकही अर्धवट न टाकता, वाचून काढल्या.

वाक्यं तोकडी. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी धक्का. नायिका कॉफीवर जगतात आणि त्यांच्या घरची भांडी कोण घासतं ते लेखक सांगत नाही. आईबाप असतात ते फक्त नाही म्हणायला. तेजल जेवून उठली की सर हे सगळं सविताला ऐकवायचे. रेघा मारलेल्या कादंबरीवर तर त्यांचा विशेष राग होता.

"सगळ्यात मोठी थाप कुठे आहे सांगू?" ते म्हणाले. "ही मुलगी एवढी तयारी करते आणि त्याच घरातल्या माणसांना काही कळत नाही. पटतं तुला?"

सविता पोळीला तूप लावत होती.

"तिला शोधायला कोण जातं?"

"बाप. दुसरं कोण जाणार?"

"आणि सापडते?"

"नाही सापडत. वाचकांना तेच आवडतं."

सविताने ती पोळी त्यांच्या ताटात वाढली आणि आमटी गरम करायला घेतली.

शनिवारी भाषणाला आपणही येऊ का, असं तिने विचारलं होतं. तुला कंटाळा येईल, शिवाय तेजलकडे कोण बघणार, असं सर म्हणाले आणि तो विषय तिथेच मिटला.

भाषण झकास झालं. थापेचा मुद्दा निघाला तेव्हा तर टाळ्या पडल्या. सत्काराची शाल गळ्यात तशीच ठेवून सर घरी आले, तर दाराला कुलूप. क्लास सुटून बराच वेळ झाला होता. त्यांनी आपल्या किल्लीने दार उघडलं. तेजलला फोन लावला, बंद. सविताला लावला, तोही बंद.

मायलेकी निजायच्या त्या मागच्या खोलीत कपाट सताड उघडं होतं. वरच्या कप्प्यात सविताच्या ठेवणीतल्या साड्या. खाली चादरी. मधला कप्पा मात्र पार रिकामा. एक रुमालसुद्धा नव्हता.

गेली. इतका पहारा ठेवूनही पोरगी गेली, आणि सविता बिचारी वेड्यासारखी तिच्यामागे धावली असणार. अभ्यासाखेरीज आपण लेकीशी शेवटचं काय बोललो, हे त्यांना काही केल्या आठवेना. त्यांना स्वतःची शरम वाटली. आधी बसस्टँड, मग पोलीस, असं ठरवून ते चपला घालत होते. एक चप्पल पायात जाईना.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पाठीवर क्लासची बॅग लटकवलेली तेजल दारात उभी राहिली. जादा तास होता, फोनची बॅटरी गेली होती, असं काहीबाही ती सांगू लागली. सरांनी तिला घट्ट जवळ घेतलं आणि ते लहान मुलासारखे रडले. जन्मात कधी बापाला रडताना न पाहिलेली ती पोर गांगरून गेली.

"आई मागून येतेय ना?" डोळे पुसत त्यांनी विचारलं.

"आई आज आलीच नाही क्लासला. तुमचं भाषण ऐकायला जाते म्हणाली."

सरांना नीट ऐकूच आलं नाही. पोर परत आली होती, तेवढंच त्यांना कळत होतं. तिचा हात धरून ते तिला कपाटापाशी घेऊन गेले.

"हा तुझा कप्पा रिकामा बघितला आणि माझा धीरच सुटला गं."

तेजल त्या कप्प्याकडे बघत राहिली.

"बाबा, माझे कपडे बाहेरच्या दिवाणात असतात," ती म्हणाली. "हा कप्पा आईचा."