राधिकाची कॅसेट

"काका, गाण्याच्या मधात कोणीतरी ओरडलं आहे. तेवढं कापून टाकू काय?" विनीतानं कानावरचा हेडफोन खाली घेत नीलकंठरावांना विचारलं.

सदर बाजारात सोनाराच्या दुकानावरच्या खोलीत ती कॅसेटींवरची गाणी कॉम्प्युटरवर उतरवून, सीडी करून देई. रायपूर राजधानी झाल्यापासून तिच्याकडे लग्नांच्या, भाषणांच्या कॅसेटींचा ढीग लागलेला असे. आज टेपमध्ये राधिकाची कॅसेट होती. राधिका नीलकंठरावांची एकुलती एक मुलगी. ती तापानं गेली त्याला चार वर्षं झाली होती. कॅसेट मागच्या आठवड्यात तिच्या वह्यांमध्ये सापडली. घरचा टेप कधीचाच बंद पडलेला, त्यामुळे ती अजून ना त्यांनी ऐकली होती, ना त्यांच्या पत्नीनं, वनमालाबाईंनी.

"पुन्हा लाव," ते म्हणाले आणि हेडफोन त्यांनी स्वतःच्या कानाला लावला.

राधिका गात होती. सूर नुकताच वर चढत होता, तोच दार आपटलं.

"बंद कर ते! बारावीची परीक्षा काय तुझी माय देऊन राहिली?"

मग खटका. पुढं नुसती खरखर.

आवाज त्यांचाच होता. विनीतानंही तो ओळखला असावा. ती त्यांच्याकडे न बघता स्क्रीनकडे बघत राहिली.

"काप," ते म्हणाले. "हिच्या आईनं पोरीचा आवाज मागितला आहे, माझा नाही."

विनीतानं माऊस सरकवला आणि त्यांनी एकदम तिचा हात थांबवला. "थांब. खटक्याच्या आधी ती काही बोलली काय?"

विनीतानं आवाज वाढवला. तोच तुकडा तीनदा लावला. तिसऱ्यांदा त्यांना ऐकू आलं. त्यांच्या ओरडण्याच्या खाली, अगदी हळू, "हव, बाबा."

त्या होकारात राग नव्हता. रडूही नव्हतं. त्या दिवशी दारात उभं राहून त्यांनी हे ऐकलंच नव्हतं.

"राहू दे," ते म्हणाले. "सगळं राहू दे."

विनीतानं एमपी थ्री बनवली. स्क्रीनवरची निळी पट्टी भरत गेली. तिनं फाइल लावून दिली. गाणं आलं, दार आलं, ओरडणंही खणखणीत आलं. "हव, बाबा" आलं नाही.

"कुठं गेलं ते?"

"एमपी थ्री म्हणजे फाइल लहान करावी लागते, काका. मोठ्या आवाजाखाली बारीक आवाज दबला असंल, तर कॉम्प्युटर तो सोडून देते. त्याले वाटते, एवढं कोणाले ऐकू येणार आहे!"

नीलकंठराव स्क्रीनजवळ वाकले. मग म्हणाले, "मंग माझा आवाज कमी कर ना."

"दोन्ही आवाज एकावर एक चढले आहेत. आता नाही होत वेगळे." त्यांचा चेहरा पाहून ती घाईनं म्हणाली, "मोठी फाइल बनवून बघते. वाचंल कदाचित."

दुसऱ्या खेपेलाही नाही. तिसऱ्या खेपेला ती फाइल बरीच मोठी झाली आणि शेवटी, श्वास रोखून धरला तर ऐकू येईल इतपत, ते दोन शब्द उतरले. नीलकंठरावांनी हेडफोन काढून नीट टेबलावर ठेवला. डोळे पुसले नाहीत.

सीडी पाकिटात घालताना विनीता थबकली. "काका, काकूंना हे ऐकवणार? तुमचं ते ओरडणंबी?"

"हव." त्यांनी पाकीट हातात घेतलं. "पोट्टीनं गाणं काहून सोडलं, हे ती मले चार वर्षांपासून विचारून राहिली."