सोपा शब्द

आज प्रार्थनासभेत बायबलातलं वचन वाचायची पाळी मालनबाईंची होती, आणि वचन त्यांना पाठ नव्हतं.

एरवी असं व्हायचं नाही. सून प्रेमा दुपारी भाकऱ्या थापता थापता एकेक ओळ म्हणायची, मालनबाई मागून म्हणायच्या. संध्याकाळी चष्मा चढवून, ओळीवरून बोट फिरवत असं खणखणीत वाचायच्या, की बाईंची शाळा दुसरीतच सुटलीय हे नाहूरच्या मंडळीत कुणाच्या बापाला कळलं नव्हतं. आज प्रेमानं भाकऱ्या थापल्या, पण तोंड उघडलं नाही. आणि "शिकव गं" म्हणायला मालनबाईंची जीभ वळली नाही.

सकाळी हीच जीभ चांगली सैल सुटली होती. "तुझ्यात काही असतं, तर माझा जयवंत दुसऱ्या बाईच्या दारात गेला असता का?"

प्रेमानं कडेवरची कळशी खाली ठेवली होती. "आज सभा आपल्या घरी आहे. ती होऊ दे. मग मी वाकोल्याला जाते, दादाकडे. कायमची."

तिची बॅग खाटेखाली होती. पट्टा चादरीतून बाहेर डोकावत होता. मंडळी यायच्या आत मालनबाईंनी तो दोनदा पायानं आत सारला.

"जयवंत दिसत नाही?" चर्चच्या पाळकसाहेबांनी सतरंजीवर बसताना विचारलं.

"ओव्हरटाइम. ते साकीनाक्याचे कारखाने, मेले जीव खातात माणसाचा."

प्रेमानं मान वर केली नाही. शेजारची शकु मंडळीतली नव्हे, पण चहापुरती उंबऱ्यात येऊन बसायची. ती पदराआड खोकली.

गाणं झालं, प्रार्थना झाली. योहानाचा पंधरावा अध्याय निघाला. मालनबाईंनी ओळीवर बोट ठेवलं आणि फार भावानं वाचल्यासारखं करत एकेक अक्षर जोडायला घेतलं.

"माझ्या… प्रीतीत… रा…"

बोट थांबलं.

अडलं ते अक्षरापायी नव्हे. दोन अक्षरांचा शब्द, दुसरीतलं पोरही वाचेल. त्यांनाही तो लख्ख दिसत होता. पण प्रेमा बरोबर समोर बसली होती, आणि शब्द तोंडातून सुटला की सरळ तिच्याच पदरात पडणार होता. साऱ्या मंडळीदेखत. सासूनं सुनेचे पाय धरण्यापैकीच ते.

प्रेमानं मान वर केली होती. सकाळपासून पहिल्यांदा ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"'राहा', मालनबाई," पाळकसाहेब हसून म्हणाले. "सोपा शब्द आहे."

"दिसतंय मला," मालनबाई खेकसल्या. "मेल्यांनी अक्षरच बारीक छापलंय. प्रेमा, तू वाच."

प्रेमानं पुस्तक घेतलं. रेशनच्या दुकानात नंबर पुकारावा तसं ते वचन एका दमात, कुठंही न अडखळता वाचलं, आणि पुस्तक परत मालनबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"देवाच्या प्रीतीत राहायचं," पाळकसाहेब समजावू लागले, "म्हणजे पाहुण्यासारखं नव्हे बरं का. घरच्यासारखं. जरा कुणी बोललं म्हणून उठून चालू पडायचं नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांत जास्त मालनबाईंनी.

चहा झाला. मंडळी उठली. नुकतंच लग्न झालेली माणिक चपला शोधत म्हणाली, "जाते हं मी."

"जाते काय गं? कुणाच्या मयताला आली होतीस?" मालनबाईंनी तिला दारातच धरलं. "'येते' म्हणावं. आईनं एवढंही शिकवलं नाही?"

"चुकलं, येते, येते!" माणिक लाजली. सगळे हसले, आणि हसत हसतच जिना उतरले.

खोली रिकामी झाली. प्रेमानं कपबशा विसळल्या, फडक्यावर पालथ्या घातल्या, पदराला हात पुसले. मग वाकून बॅग ओढली. मालनबाई खाटेवर बसून होत्या. पुस्तक मांडीवर, बोट अजून त्याच पानात.

"या वेळेला बस मिळायची नाही," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

प्रेमा थांबली. "आई, काही सांगायचंय का?"

चूल विझली होती. जयवंतचा शर्ट महिनाभरापासून खुंटीला लटकत होता. उद्या सकाळी या खोलीत हाक मारायला कुणी उरणार नव्हतं, आणि हे मालनबाईंना वचनापेक्षा स्पष्ट वाचता येत होतं. शब्द जिभेच्या टोकावर आला. त्यांनी तो गिळला.

"सांगायचं काय? किल्ली ठेवून जा."

प्रेमानं कमरेची किल्ली सोडवली. फडक्यावर, पालथ्या कपबशांशेजारी ठेवली.

"जाते, आई."

मालनबाईंचं तोंड सवयीनं उघडलं. मगाशी माणिकला सुनावलेलं सगळं तयार होतं. पण ओठ तसेच मिटले. जिन्यावर चपला वाजल्या, एकेक पायरी खाली गेल्या आणि ऐकू येईनाशा झाल्या.

शकुनं दारातून डोकं घातलं. "मावशी, दिवेलागणीला सून बॅग घेऊन कुठं निघाली?"

"भावाकडे."

"माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही हो. तुम्हाला तरी सांगून गेली ना?"

"न सांगता जायला ती काय कुणाची भाडेकरू आहे?" मालनबाईंनी पानातलं बोट काढलं आणि पुस्तक मिटलं. "'येते' म्हणाली."