परातीतलं पीठ

सुचित्रा चित्रातल्या भिंतीचा राखाडी रंग ओल्या ब्रशने आणखी फिका करत होती. उलव्याच्या त्या फ्लॅटला शेजारची इमारत इतकी खेटून होती की सकाळचा उजेडही उष्टा होऊनच आत यायचा. रिकामी कॉट, घडी घातलेली चादर, कोपऱ्यात दक्षिणेकडे तोंड करून ठेवलेला दिवा. अभय गेल्यापासून ती या खोलीचं हेच एक चित्र काढत होती. नवरा जाऊन चार दिवस नाहीत आणि ही रंग घेऊन बसली, असं भेटायला येणाऱ्या बायका कुजबुजायच्या. एकदा रडायला बसली असती तर ती उठली नसती, हे त्यांना कोण सांगणार?

दिव्यापाशी परातीत पीठ पसरलेलं, वर दुरडी पालथी घातलेली. गेलेलं माणूस दहाव्याच्या आत एकदा घरी येतं आणि पिठात पाऊल उमटतं, माणसाचं नाहीतर पाखराचं, असं सासूबाईंनी सांगितलं होतं. सुचित्रा रोज सकाळी दुरडी उचलायची. पीठ सपाट असायचं. चित्रात तिने परातीची जागा कोरी सोडली होती. न दिसलेलं ती कधी काढत नसे. पाऊल दिसलं की तेवढं काढायचं आणि चित्र संपवायचं, असं तिने ठरवलं होतं.

आज दहावा. घाटावर न्यायला गाडी खाली येऊन थांबली होती. कालपासून तिने अन्नाला हात लावला नव्हता. ती ब्रश धुवायला आत गेली आणि परत आली, तर सासूबाई परातीपाशी बसलेल्या, दुरडी बाजूला.

"आलता त्यो," त्या म्हणाल्या. "बग, चिमणीचं पाऊल हाय."

पिठात खरंच तीन बारीक रेघा होत्या. सुचित्रा खाली वाकली. मग तिला सासूबाईंच्या नखांत पीठ दिसलं. त्यांनी हात पदराखाली घेतला, पण तोवर उशीर झाला होता.

अभय आला नव्हता. आता येणारही नव्हता.

"आता तरी दोन घास खा, पोरी. आन् त्ये चित्रात काढ."

सुचित्राने मान डोलावली. कोऱ्या जागेत तिने तीन रेघा ओढल्या. चित्र बिघडलं, हे तिला कळत होतं.

सासूबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"त्येचंच हाय," त्या म्हणाल्या.